‘निकामी’ मायक्रोमीटरच्या निमित्ताने

आमच्या कार्यशाळेच्या कपाटात ‘निकामी’ अशी चिठ्ठी लावलेला एक मायक्रोमीटर कित्येक वर्षे पडून होता. शून्य ते एक इंच मापाचा, जुन्या धाटणीचा. भंगारात जाण्यापूर्वी दुरुस्त करून पाहावा म्हणून मी तो मागून घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी आणखी बिघडवला!

गंज दिसला की घासावा, ही आपली घरगुती अक्कल. पॉलिश पेपरने मी त्याची दोन्ही तोंडे आरशासारखी केली आणि उद्यमबागेतील एका मिस्त्रीकाकांना मोठ्या अभिमानाने दाखवली. त्यांनी बेअरिंगमधली एक गोळी घेऊन ती आधी तोंडाच्या मध्यावर, मग चारी कडांशी धरून मोजली. गोळी एकच, मापे निरनिराळी. “भांड्यासारखा चकाकतोय खरा, पण मोजत नाही,” एवढेच ते म्हणाले.

या उपकरणात एका इंचात ४० आटे असतात. म्हणजे एका फेऱ्याला दांडा ०.०२५ इंच सरकतो. फिरत्या नळीवर २५ भाग, म्हणून एक भाग ०.००१ इंच, कारागिरांच्या भाषेत एक ‘थाऊ’. दोन्ही तोंडे एकमेकांना समांतर नसतील, तर पुढचे सारे गणित फुकट. शून्य चुकले असेल तर नळी चावीने फिरवून जुळवता येते, निदान तेवढा फरक वजा करता येतो. आटे मध्येच झिजले असतील, तर मात्र शून्य बरोबर दाखवूनही ते उपकरण पुढे फसवते.

म्हणूनच पडताळ्याच्या ठोकळ्यांचे महत्त्व. स्वीडनमधील एस्किलस्टूना येथील बंदुकीच्या कारखान्यातला योहानसन १८९६ साली जर्मनीतील माउझर कारखाना पाहून परतला. प्रत्येक मापासाठी वेगळा गेज, हा तिथला पसारा त्याला खटकला होता. मोजके १०२ ठोकळे एकमेकांना जोडून हजारो मापे साधता येतील, असे त्याने मांडले. आणि पत्नीचे शिवणयंत्र घासण्याच्या कामी जुंपून घरीच ते काम पुढे नेले. (त्या माउलीचे शिवण कुणी केले, कोण जाणे!)

आता आकडे थेट दाखवणारी उपकरणे मिळतात, मग हा खटाटोप कशाला, असे मित्र विचारतात. नवी उपकरणे घ्यावीतच. पण त्यांचीही तोंडे झिजतात आणि काचेवरचा आकडा मात्र तितक्याच ठामपणे उमटतो. आम्ही प्रयोगवहीत ‘शून्यदोष : नाही’ असे न पाहताच लिहितो, शेजारच्या टेबलावरचे माप उचलतो, आणि त्याला गुणही मिळतात. उद्या कारखान्यात आमच्याच सहीने माल पास व्हायचा आहे. म्हणून माझे मत असे, की एक जुने उपकरण उघडणे, साफ करणे आणि त्याचा दोष शोधून लिहिणे हा प्रात्यक्षिक परीक्षेचाच भाग असावा.

आमच्या मायक्रोमीटरची तोंडे काकांनी लॅपिंग करून पुन्हा समांतर केली. आटे मी रॉकेल व मऊ ब्रशने धुतले, हलके तेल दिले, शून्य जुळवले आणि पाव-पाव इंचावर ठोकळे लावून तपासले. जुनी चिठ्ठी काढली आहे. नव्या चिठ्ठीवर तपासल्याची तारीख आहे आणि खाली लिहिले आहे : ‘पाऊण इंचाजवळ एक थाऊ जास्त दाखवतो.’