मागांच्या घरची दप्तरे

भिवंडीत जुना यंत्रमाग विकला जातो तो बहुधा यंत्र म्हणून नव्हे, लोखंड म्हणून. त्याचा भाव किलोवर ठरतो. गेल्या काही वर्षांत या शहरातील कित्येक शेड अशा रीतीने मोकळ्या झाल्या. काही ठिकाणी बिनधोट्याचे नवे माग आले, काही ठिकाणी कुलपे लागली, आणि शहराबाहेरच्या रस्त्यांच्या दुतर्फा तर गोदामांचे एक निराळेच शहर उभे राहिले. धंदा बदलतो, यंत्रे जुनी होतात, भांडवल अधिक लाभाच्या जागी जाते. या क्रमाबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. परंतु माग जातात तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी एक वस्तू वजनावर विकली जाते आणि तिच्याकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. शेडच्या माळ्यावर अथवा घरातील लाकडी पेटीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या हिशेबाच्या वह्या, सुताच्या पावत्या, मजुरीची पाने, व्यापाऱ्यांची पत्रे, कापडाचे तुकडे डकवलेल्या नोंदी, हे सारे रद्दीच्या दुकानात जाते. कायद्याला हिशेबाची कागदपत्रे काही ठरावीक वर्षेच हवी असतात. ती मुदत संपली की घराला त्यांची अडचण होऊ लागते, आणि कापसाची किस व यंत्राचे तेल यांनी माखलेल्या त्या कागदांना पावसाळ्यात वाळवीही लागते.

रद्दी म्हणून जे जाते ते वास्तविक काय आहे, याचा विचार करावयास हवा. भिवंडीचा यंत्रमाग हा मुख्यतः कुटुंबाचा धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग मांडले. विसाव्या शतकात वीज आल्यावर त्यांचीच मुले-नातवंडे यंत्रमागाकडे वळली. पुढे अन्य समाजांतील कुटुंबे या धंद्यात आली, तेलुगू भाषक विणकर आले, उत्तर प्रदेश व बिहारमधील कारागीर आले. व्यापारी सूत देतो, मागवाला ते मजुरीवर विणून देतो आणि मजुरीचा दर पिकामागे पैशांत ठरतो. ही रीत पुष्कळ घरांत दोन-तीन पिढ्या चालत आली. तेव्हा अशा घरातील जुन्या वहीत एकाच पानावर सुताचा भाव, व्यापाऱ्याने दिलेला दर, कारागिराला मीटरमागे मिळालेली मजुरी, कांडी भरणाऱ्या बाईला दिलेले पैसे, विजेचे बिल आणि सणापूर्वी घेतलेली उचल या साऱ्यांची सांगड सापडू शकते. देशाच्या कापड उद्योगावर समित्यांचे अहवाल थोडे नाहीत. १९६४ मध्ये अशोक मेहता समितीने यंत्रमागांचीच चौकशी केली होती. परंतु समित्या उद्योग वरून पाहतात. एका घराने तेजीत किती कमावले, मंदीत काय विकले आणि कोणत्या वर्षी कोणाला कामावरून कमी केले, हे घरच्या वहीवाचून अन्यत्र कोठेही कळावयाचे नाही.

कागदावरचे कारखाने

येथे असा आक्षेप निघेल की सरकारदरबारी नोंदी असताना खाजगी वह्यांचे महत्त्व ते काय? या आक्षेपाचे उत्तर भिवंडीच्या अर्थव्यवस्थेतच दडलेले आहे. १९४८ च्या मूळ कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगारांची मर्यादा होती. त्यापेक्षा कमी कामगार असतील तर कायद्याच्या पुष्कळशा जबाबदाऱ्या टळत. उत्पादन शुल्कातही थोडके माग असलेल्यांना सवलती मिळत. परिणाम व्हावयाचा तोच झाला. एका छपराखालचे माग कागदोपत्री भाऊ, पत्नी, मेहुणा यांच्या नावांवर वाटले गेले आणि एका कारखान्याचे चार कारखाने झाले. सरकारी दप्तरात जी संख्या शिरली ती या वाटणीतून गाळून शिरली. भिवंडीत माग नेमके किती, या साध्या प्रश्नाला आजही ठाम उत्तर मिळत नाही. काही लाख, एवढेच म्हटले जाते आणि बोलणाऱ्यागणिक आकडा बदलतो. अशा स्थितीत निरीक्षकाला दाखवावयाच्या वहीपेक्षा घरात ठेवलेली कच्ची वही अधिक खरी असण्याचा संभव असतो. ती कोणाची समजूत घालण्यासाठी लिहिलेली नसते. उद्या कोणाकडून किती येणे आहे हे विसरू नये, एवढ्याचसाठी ती लिहिली जाते. अर्थशास्त्राला अशाच साधनाची गरज असते.

गिरणी संपाचे उदाहरण घेता येईल. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या काळात व त्यानंतर गिरण्यांचे बरेच काम भिवंडीसारख्या केंद्रांतील यंत्रमागांकडे वळले, ही गोष्ट सर्वमान्य आहे. संपाची गिरणगावाकडील बाजू पुष्कळशी नोंदली गेली आहे. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या तोंडच्या हकिगती २००४ मध्ये ग्रंथरूपाने पुढे आणल्या. परंतु नाण्याची दुसरी बाजू भिवंडीत आहे. ते काम कोणत्या दराने आले? त्यातील किती पैसा मागवाल्याकडे राहिला, किती कारागिराच्या हाती पडला? गिरणीतून बाहेर पडलेला कामगार पुढे याच शेडमध्ये कमी मजुरीवर उभा राहिला काय? आज हे प्रश्न अनुमानावर सोडवावे लागतात. त्या काळच्या वह्या शिल्लक असतील तर त्यांची उत्तरे आकड्यांत मिळतील.

भिवंडीची दुसरी ओळख

हा प्रश्न केवळ अभ्यासकांच्या सोयीचा आहे असेही समजू नये. सरकारी कागदपत्रांत भिवंडी सर्वाधिक तपशिलाने कोठे आढळते? दंगलींच्या कागदांत. मे १९७० मधील भिवंडी, जळगाव व महाड येथील दंगलींची चौकशी न्या. डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली आणि १९७५ मध्ये तिचा विस्तृत अहवाल पुढे आला. मे १९८४ मध्ये या शहरावर पुन्हा तोच प्रसंग ओढवला. या घटनांची नोंद राहिली हे योग्यच झाले. ती विसरता कामा नये. परंतु वर्षातील जे शेकडो दिवस दंगलीचे नव्हते, त्या दिवसांत निरनिराळ्या धर्मांचे व भाषांचे लोक एकमेकांना उधारीवर सूत देत होते, माल घेत होते, हुंडी वटवीत होते, त्या व्यवहारांची नोंद मात्र अभिलेखागारात नाही. ती घराघरांतील वह्यांत विखुरलेली आहे. एखाद्या शहराची कागदोपत्री ओळख त्याच्या सर्वांत वाईट दिवसांवरूनच राहावी, हा त्या शहरावर अन्याय आहे. या वह्यांतून केवळ सलोखाच दिसेल असा भ्रम बाळगण्याचे कारण नाही. त्यांत पिळवणूकही दिसेल. परंतु दोन्ही दिसणे आवश्यक आहे.

महाराष्ट्राला तर हे नव्याने सांगावयास नको. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे धुंडाळली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. सरदार, देशमुख, देशपांडे यांच्या घरचा चिटोराही जपला पाहिजे, ही जाणीव त्या पिढीने मराठी समाजाला दिली. प्रश्न असा की, जी आस्था वाड्यातील दप्तराला लाभली ती शेडमधील दप्तराला का लाभू नये? मोठ्या उद्योगसमूहांनी आपली सोय केली आहे. टाटा समूहाचे अभिलेखागार पुण्यात आहे, गोदरेज समूहाचे विक्रोळीत आहे. सहा-आठ मागांच्या मालकाला असे अभिलेखागार कोठून परवडणार? केंद्राचा १९९३ चा आणि राज्याचा २००५ चा अभिलेखविषयक कायदा सार्वजनिक कार्यालयांच्या कागदपत्रांसाठी आहे. खाजगी घरातील वही त्याच्या कक्षेबाहेर राहते.

याबाबतीत परदेशातील एक उदाहरण उद्बोधक आहे. कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या रंगीत काचा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना चित्रकाचेची कला अपरिचित नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात हार्डमन कुटुंबाचा अशा काचांचा कारखाना होता. वास्तुशिल्पी प्यूजिन यांच्या प्रेरणेने १८४५ मध्ये त्याने हे काम हाती घेतले. त्या कारखान्याच्या रोजवह्या, पत्रव्यवहार आणि खिडक्यांचे आराखडे यांचा मोठा संग्रह त्या शहराच्या ग्रंथालयात व संग्रहालयात जपला गेला आहे. त्यामुळे कोणती खिडकी कोणासाठी, कोणाच्या आराखड्यावरून, किती किमतीला झाली याचा माग आजही काढता येतो. येथे ध्यानात घ्यावयाचा मुद्दा हा की, एका कौटुंबिक कारखान्याचे कागद ही शहराची ठेव मानली गेली. भिवंडीचे ग्रे कापड चर्चच्या काचेसारखे देखणे नाही, हे खरे. पण ज्या कापडाने देशातील सामान्य माणसांची अंगे झाकली, त्याचा हिशेब काचेच्या हिशेबाहून कमी मोलाचा ठरत नाही.

अडचणी व उपाय

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या झटकून टाकून भागणार नाही. पहिली भीतीची. जुन्या वहीतून कराची, वारसाहक्काची वा कामगारांच्या देण्याची भानगड निघेल, असे मालकाला वाटते. ही भीती निराधार म्हणता येत नाही. म्हणून वह्या तीस वा चाळीस वर्षे कोणास दाखविल्या जाणार नाहीत, अशी लेखी हमी देऊनच त्या स्वीकाराव्या लागतील. दुसरी अडचण कामगाराची. मालकाच्या वहीत तो केवळ नाव, मीटर व उचल एवढाच उरतो. यास्तव खानावळीच्या वह्या, कामगारांची स्वतःची पत्रे आणि त्यांच्या तोंडच्या हकिगती यांचीही जोड द्यावी लागेल, नाही तर जमेल तो इतिहास एकाक्ष होईल. तिसरी अडचण भाषेची. या वह्या उर्दूत, गुजरातीत, हिंदीत, मराठीत, तेलुगूत असू शकतात आणि त्या वाचणारी वडीलधारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. वही वाचली, पण तिच्यातील खुणा समजावून सांगणारा राहिला नाही, तर अर्धे काम वाया गेल्यासारखेच आहे.

यासाठी मोठ्या इमारतीची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. शहरात महाविद्यालये आहेत, ग्रंथालये आहेत. अर्थशास्त्र व इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्याच मोहल्ल्यातील, आपल्याच घरातील कागदांची प्रथम यादी करावी. ज्यांना मूळ वही द्यावयाची नसेल त्यांच्याकडून तिची छायाचित्रे घ्यावीत. आज ते काम साध्या मोबाइलवर होते. महापालिकेने एक कोरडी, उंचावरची खोली द्यावी, कारण कामवारीला पूर आला की सखल वस्त्यांत काय होते हे भिवंडीकरांना सांगावयास नको. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाने कागद जपण्याचे प्राथमिक शिक्षण द्यावे. यंत्रमागधारकांच्या संघटनांनी सभासदांना एवढेच कळवावे की, माग विकण्यापूर्वी वह्यांची चौकशी करा. या सर्वांस मिळून जो खर्च येईल तो एखाद्या स्वागत-कमानीहून फारसा अधिक नसेल.

भिवंडीत पुढे काय टिकेल, माग की गोदामे, हे बाजार ठरवील. परंतु येथे चार पिढ्यांनी काय केले, कोणी किती कमावले व कोणी किती गमावले, हे ठरविण्याचे काम बाजारावर सोपविता येत नाही. ते पुराव्यानेच ठरवावे लागते, आणि तो पुरावा आजच्या घडीला रद्दीच्या तराजूत आहे. तेथून तो उचलण्यास अद्याप थोडा अवधी आहे. शेड रिकामी झाल्यावर मात्र तो राहणार नाही.