शेरास सव्वाशेर



पावसाची झड लागली की मैदानावरचे खेळ बंद. मग घरोघरी कपाटातला पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. चौघं जमली तर मेंढीकोट. घर पाहुण्यांनी भरलेलं असेल तर झब्बू नाहीतर बदाम सात. पण घरात दोघंच असली तर? तर बहुतेक वेळा ठरलेलंच – भिकार-सावकार!

भिकार-सावकार तुम्हा सगळ्यांना येतोच. निम्मे निम्मे पत्ते वाटून घ्यायचे, न बघता आळीपाळीने वरचा पत्ता टाकायचा, आधीच्या पत्त्याचाच आकडा आला की सगळा ढीग आपला. मजा येते, नाही कोण म्हणतंय? पण मी एक प्रश्न विचारते, नीट विचार करून उत्तर द्या. या खेळात तुम्ही स्वतः काय करता?

काहीच नाही! वरचा पत्ता उचलता आणि खाली टाकता. जिंकलात तर नशिबानं, हरलात तरी नशिबानंच. म्हणून तर हरलेला लगेच म्हणतो, “मला पानंच वाईट आली होती!” आणि त्याचं ते म्हणणं खोटंही नसतं.

आज मी तुम्हाला दोघांनी खेळायची अशी एक लढाई सांगणार आहे, की जिच्यात असं म्हणायची सोयच नाही. दोघांचं सैन्य अगदी सारखं. एका पत्त्याचाही फरक नाही. तरीही एक जण जिंकतो आणि एक जण हरतो. कसं काय? चला, बघू या.

इंग्रजीत या खेळाला ‘गॉप्स’ म्हणतात. ‘गेम ऑफ प्युअर स्ट्रॅटेजी’ या नावातली पहिली अक्षरं घेऊन झालेला तो शब्द. म्हणजे निव्वळ डावपेचांचा खेळ. ‘गूफस्पील’ असंही त्याचं एक नाव आहे. आमच्या चौथीच्या वर्गाला काही ही नावं रुचली नाहीत. त्यांनी त्याचं बारसं केलं – ‘शेरास सव्वाशेर’. हेच नाव का, ते पुढे कळेलच.

मांडणी

पत्त्यांचा एक कॅट घ्या. जोकर काढून टाका. आता चारही रंग वेगळे करा.

किलवरचे तेरा पत्ते बाजूला ठेवा. त्यांना आज सुट्टी.

चौकटचे तेरा पत्ते म्हणजे तेरा गड. ते छान पिसून दोघांच्या मध्ये पालथे ठेवा.

बदामचे तेरा पत्ते एकाचं सैन्य, इस्पिकचे तेरा दुसऱ्याचं. म्हणजे एक लाल सेनापती आणि एक काळा सेनापती. आपापले पत्ते हातात धरायचे. समोरच्याला दाखवायचे नाहीत.

प्रत्येक पत्त्याची किंमत त्याच्या आकड्याएवढी. गुलाम ११, राणी १२, राजा १३. आणि एक्का? इथेच बरेच जण चुकतात. मेंढीकोटात एक्का सगळ्यांत मोठा, पण या लढाईत एक्का म्हणजे फक्त १. बिचारा सगळ्यांत धाकटा शिपाई!

लढाईचे नियम

१) ढिगातला वरचा गड उताणा करायचा. समजा, चौकटची सत्ती निघाली. म्हणजे सात गुणांचा गड.

२) दोघांनी आपल्या हातातला कुठलाही एक पत्ता निवडून समोर पालथा ठेवायचा. एकदा ठेवला की बदलायचा नाही.

३) ‘एक, दोन, तीन!’ म्हणून दोघांनी एकदमच पत्ते उताणे करायचे. ज्याचा पत्ता मोठा, त्याचा गड.

४) लढलेले दोन्ही पत्ते बाद. जिंकणाऱ्याचा आणि हरणाऱ्याचाही. ते परत हातात घ्यायचे नाहीत. आपापल्या समोर ओळीने उताणे मांडून ठेवायचे, म्हणजे कुणाकडे काय उरलं आहे ते दोघांनाही कळतं.

५) दोघांचे पत्ते सारखे निघाले तर तो गड तिथेच राहतो. मग पुढचा गड उघडायचा. पुढची लढाई जिंकणाऱ्याला दोन्ही गड मिळतात. अगदी शेवटची लढाई बरोबरीत सुटली, तर मध्ये पडलेले गड कुणालाच नाहीत.

६) तेरा लढाया झाल्या की आपापल्या गडांची बेरीज करायची. ज्याची बेरीज जास्त, तो जिंकला.

१ ते १३ ची बेरीज किती? करा बरं पटकन. ९१! म्हणून जो ४६ गुणांना पोचला, तो जिंकलाच म्हणून समजा.

एक डाव बघू या

पहिला गड निघाला ७ चा. लालने ८ टाकला, काळ्याने १०. गड काळ्याचा.

दुसरा गड राजा, म्हणजे १३. दोघांनीही आपापला राजा टाकला. बरोबरी! गड तिथेच राहिला.

तिसरा गड नुसती दुर्री. एरवी दुर्रीकडे कोण बघतं? पण आता तिच्यासोबत तेराचा गड आहे. एकूण १५ गुण! लालने राणी टाकली, काळ्याने गुलाम. १५ गुण लालला.

चौथा गड राणी, १२ गुण. आता लालने काय करावं? समोर मांडलेले पत्ते बघा. लालचा राजा गेला, राणी गेली. काळ्याची राणी मात्र अजून त्याच्या हातात आहे. काळ्याने ती टाकली, तर लाल काहीही करून हा गड जिंकू शकत नाही. मग गुलाम टाकून तो वाया कशाला घालवायचा? लालने टाकला एक्का! काळ्याने राणी टाकली आणि १२ गुण घेतले.

गुण झाले काळ्याचे १९ आणि लालचे १५. काळा पुढे आहे. पण हातातले पत्ते मोजा. काळ्याकडे उरले १ ते ९. लालकडे गुलाम आहे, दश्शी आहे, आणि त्या दोघांना हरवणारं एकही पान काळ्याकडे उरलेलं नाही. गुणांनी मागे असलेला लाल सैन्यानं पुढे आहे! आणि अजून ५७ गुणांचे गड बाकी आहेत.

पाहिलंत? हरायचंच असेल तर स्वस्तात हरायचं. जिंकायचं असेल तर तेही स्वस्तात. समोरच्याच्या पंजीला छक्कीनं मारलं काय आणि राजानं मारलं काय, गड तेवढाच मिळतो. पण राजा गेला, तो गेलाच.

चौथीच्या इतिहासात पुरंदरचा तह आठवतोय ना? १६६५ साली शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले आणि १२ आपल्याकडे ठेवले. तेव्हा कुणालाही वाटलं असतं, संपलं आता. पण माणसं राखली होती, राज्य राखलं होतं. १६७० मध्ये कोंढाणा परत आला, पाठोपाठ इतरही गड आले. गड सोडावा लागला म्हणजे लढाई संपली असं नसतं. मागे काय शिल्लक ठेवलं आहे, हे महत्त्वाचं.

शेर, सव्वाशेर आणि दीड शेर

आता नावाची गंमत सांगते.

आमच्या वर्गात मधल्या सुट्टीत हा खेळ सुरू झाला. एका हुशार मुलाने लवकरच एक युक्ती काढली. जेवढ्याचा गड, तेवढ्याचाच पत्ता टाकायचा. पाचच्या गडाला पंजी, राणीला राणी, राजाला राजा. मोठे पत्ते मोठ्या गडांवरच खर्च होतात, काही वाया जात नाही. तो भराभर जिंकायला लागला. युक्ती खरोखरच चांगली आहे, बरं का! शेल्डन रॉस या अमेरिकी गणितज्ञांनी १९७१ साली या खेळावर एक शोधनिबंध लिहिला होता. समोरचा खेळाडू न बघता कुठलाही पत्ता टाकत असेल, तर हीच चाल सर्वांत उत्तम, असं त्यांनी गणितानं दाखवून दिलं.

पण समोरचा बघून खेळत असेल तर?

शेवटच्या बाकावरची एक मुलगी. फारशी बोलत नाही. तिने त्या मुलाचे दोन डाव शेजारी बसून नुसते बघितले. मग म्हणाली, “आता मी.” एकच्या गडाला त्याने एक्का टाकला, तिने दुर्री. पाचला त्याने पंजी, तिने छक्की. राणीला त्याने राणी, तिने राजा! प्रत्येक वेळी फक्त एकानं जास्त. तेराच्या गडाला त्याने राजा टाकला, तेव्हा तिने टाकला उरलेला एक्का. तो एकच गड तिने सोडला. बाकी बाराच्या बारा तिचे. गुण किती झाले असतील? ७८ विरुद्ध १३!

“ही माझे पत्ते बघते!” तो मुलगा ओरडला. पत्ते आपटून उठून गेला. पत्ते बघायची तिला गरजच नव्हती. त्याची चाल तिच्या ध्यानात आली होती. शेर म्हणजे जुन्या काळचं वजन, आणि सव्वाशेर म्हणजे त्याहून पाव शेर जास्त. शेरास सव्वाशेर भेटला तो असा.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. रागानं नाही, कागदावर काहीतरी मांडून आला होता. “पुन्हा खेळू या,” म्हणाला. ती आपली एकानं जास्त टाकत गेली आणि तो दोनानं जास्त! राजाच्या गडाला तिचा एक्का येणार हे त्याला ठाऊक होतं, तिथे त्याने दुर्री टाकली. राणीचा गड मात्र एक्का टाकून सोडून दिला. गुण झाले ७९ विरुद्ध १२. वर्गात एकच गलका, “दीड शेर! दीड शेर!” आणि ती मुलगी? ती हसली आणि म्हणाली, “मला कळलं तू काय केलंस.”

मुलांनो, मला या खेळातली हीच गोष्ट आवडते. इथे कायमची जिंकून देणारी ठरावीक चाल नाही. तुमची पद्धत समोरच्याला कळली की तीच तुमच्यावर उलटते. म्हणून अधूनमधून चाल बदलायची आणि समोरच्याकडे लक्ष ठेवायचं. आणि सैन्य सारखंच असल्यामुळे हरल्यावर पत्त्यांना दोष देता येत नाही. सुरुवातीला ते जरा झोंबतं. पण ‘नशीब वाईट’ म्हणणाऱ्याला पुढच्या डावात करण्यासारखं काही नसतं. ‘मी कुठे फसलो?’ असं विचारणाऱ्याला पुष्कळ काही करता येतं.

आणि डाव पाठ होईल अशी भीती नको. तेरा गड किती वेगवेगळ्या क्रमांनी निघू शकतात, माहीत आहे? ६,२२,७०,२०,८०० क्रमांनी! सहाशे बावीस कोटींच्याही वर.

आईबाबांसाठी दोन शब्द

‘पत्ते’ म्हटलं की काही घरांत कपाळाला आठ्या पडतात. ते साहजिक आहे. पैसे लावून खेळलेले पत्ते घर बसवतात, हे आपण पाहिलेलं असतं. पण दोष पैसे लावण्याचा, पत्त्यांचा नव्हे. इथे पैसे नाहीत, शेंगदाणेही लावायचे नाहीत. बेरीज, वजाबाकी, स्मरण आणि अंदाज एवढंच भांडवल.

मूल लहान असेल, सहा-सात वर्षांचं, तर एक्का ते पंजी असे पाचच पत्ते घ्या. पाच गड, पाच पाच शिपाई. एकूण गुण १५, आठ मिळवले की जिंकला. दहा मिनिटांत दोन डाव होतात आणि बेरीज बोटांवर जमते.

आणखी एक विनंती. मूल रडेल म्हणून मुद्दाम हरू नका. मुलांना ते कळतं, आणि मग जिंकण्यातली गोडी जाते. धाकट्याला सवलत द्यायचीच असेल तर ती उघडपणे द्या. ‘पहिल्या तीन लढाया मी माझा पत्ता आधी उताणा ठेवीन, मग तू तुझा टाक,’ असं सांगून खेळा. मूल तरबेज झालं की सवलत तीनावरून दोनावर, दोनावरून एकावर आणा. ज्या दिवशी ते स्वतःच म्हणेल, “बाबा, आज सवलत नको,” त्या दिवशी डाव कुणीही जिंको, घरात गोड काहीतरी करा.

जाता जाता एक कोडं

तुमचा प्रतिस्पर्धी ‘दीड शेर’ खेळतो आहे. एक ते अकरापर्यंतच्या गडांना तो दोनानं मोठा पत्ता टाकतो, बाराला एक्का आणि तेराला दुर्री. हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. तर जास्तीत जास्त किती गुण तुम्ही मिळवाल, आणि कोणता गड सोडाल?

कागद-पेन्सिल घ्या, नाहीतर सरळ पत्ते मांडून बसा. ७८, ७९... यात काही दिसतंय का? उत्तर पुढच्या अंकात. तोपर्यंत ताई-दादाला, आजी-आजोबांना लढाईला बोलवा. आणि हो, आजोबांना कमी समजू नका हं. ते बहुतेक पावणेदोन शेर निघतील!

तुमची,
बाई