जुन्या नावानेही पल्सार सापडायला हवा

क्रॅब तेजोमेघातल्या पल्सारचा, म्हणजे वेगाने फिरत ठरावीक लयीत रेडिओ स्पंदने पाठवणाऱ्या ताऱ्याचा, दृश्य प्रकाशही लुकलुकतो, हे १९६९ साली जाहीर झाले. त्या शोधनिबंधात या ताऱ्याचे नाव आहे एनपी ०५३२. आज तोच तारा बी०५३१+२१ किंवा जे०५३४+२२०० म्हणून ओळखला जातो. हे तीन निरनिराळे तारे आहेत, असा नवख्याचा सहज समज होईल. पल्सारांच्या प्रमाण याद्या मुख्यतः बी आणि जे या दोन नावांवर चालतात. माझ्या मते एवढे पुरेसे नाही. शोधनिबंधांत पल्सार ज्या ज्या नावाने वावरला, ते प्रत्येक नाव यादीने सांभाळले पाहिजे.

नावे बदलली ती कुणाच्या हलगर्जीपणामुळे नव्हे. पल्सारचे नाव म्हणजे त्याचा आकाशातला पत्ता. जोसलिन बेल आणि अँटनी ह्यूइश यांना १९६७ साली सापडलेला पहिला पल्सार सीपी १९१९ झाला: सी केंब्रिजचा, पी पल्सारचा, आणि विषुवांश, म्हणजे आकाशातले पूर्व-पश्चिम स्थान, १९ तास १९ मिनिटे. खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, म्हणजे क्रांती, या नावात नव्हतीच. ती जोडून पुढे बी१९१९+२१ हे नाव आले. पण पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी घेतो, त्यामुळे ज्या संपातबिंदूपासून विषुवांश मोजायचे तो बिंदूच सरकत राहतो. उत्तरायण डिसेंबरात सुरू होऊनही मकरसंक्रांत जानेवारीत येते, ती याच कारणाने. १९५० ऐवजी २००० सालचे निर्देशांक प्रमाण धरले आणि हाच पल्सार जे१९२१+२१५३ झाला. तारा होता तिथेच आहे. तरी जुने आकडे नवे समजून दुर्बीण रोखली, तर नेम जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतका चुकतो.

मग नावाच्या मागे कशाला लागायचे, स्थानावरून शोधा, असे कुणी म्हणेल. सन बदलण्याचे गणित संगणक क्षणात करतो, हे खरेच. पण गणिताला सुरुवातीचा आकडा नेमका लागतो आणि १९६८ च्या आसपासची स्थाने ढोबळ होती. सीपी ०३२८ नंतर बी०३२९+५४ ठरला. एनपी ०५३२ चे ०५३१ झाले. हा फरक अक्षाच्या फिरण्याचा नाही, सुधारलेल्या मोजमापाचा आहे, आणि तो कुठल्याही सूत्रातून निघत नाही. कुणीतरी जुना निबंध वाचून दोन्ही नावे एकाच ओळीत लिहिली, तरच यंत्राला ती कळतात. गोलाकार तारकागुच्छांत तर स्थानही अपुरे पडते. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने एनजीसी १८५१ या गुच्छात शोधलेला पल्सार जे०५१४-४००२ए म्हणून ओळखला जातो. त्याच गुच्छात नंतर मीरकॅट दुर्बिणीने आणखी बरेच पल्सार शोधले आणि त्यांची ओळख शेवटच्या अक्षरावरच उभी आहे.

नावांची गर्दी झाली तर नवा अभ्यासक गोंधळेल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर उपाय आहे: प्रमाण नाव एकच ठेवावे, बाकीची त्याच्याकडे बोट दाखवणारी असावीत. ती पुसणे मात्र परवडणारे नाही, कारण पल्सारचा अभ्यास दशकानुदशकांच्या हिशेबावर चालतो. क्रॅब पल्सार स्वतःभोवती सुमारे ३३ सहस्रांश सेकंदात फिरतो आणि हा काळ रोज साधारण ३६ अब्जांश सेकंदांनी वाढतो. मध्येच तो अचानक किंचित वेग घेतो. असा झटका १९६९ मध्येही नोंदला गेला. आजच्या झटक्यांशी त्याची तुलना करायची, तर एनपी ०५३२ च्या नोंदींपर्यंत पोचावेच लागते. हल्स आणि टेलर यांनी १९७४ साली शोधलेल्या जोडताऱ्याची कक्षा आक्रसते आहे, हेही वर्षानुवर्षांच्या मोजणीतूनच दिसले. त्या शोधाला १९९३ चे नोबेल मिळाले. जे१९१५+१६०६ हे नाव असूनही अभ्यासक आजवर त्याला बी१९१३+१६ च म्हणतात, आणि यादीत दोन्ही नावे शेजारी आहेत म्हणून कुणाचे अडत नाही. हीच सोय सीपी, एनपी, एमपी अशा आद्याक्षरांच्या सगळ्या नावांना मिळावी. प्रत्येक नावापुढे ते प्रथम कोणत्या निबंधात आले आणि त्यातले स्थान कोणत्या सनाचे, एवढे दोन रकाने हवेत. सुरुवातीच्या काळातले पल्सार मोजके आहेत आणि त्यांचे निबंध ग्रंथालयांत उपलब्ध आहेत. हे काम आजच हाती घेता येईल.