हेरिटेज थाळीत मिलोची भाकर वाढा

खानदेश आता खायला काढलाय, दोस्तांनो. भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकर, खापरावरचे मांडे. ताट मांडून ठेवलंय आणि शहरातल्या पाव्हण्यांना आवतन धाडलंय, या, आमची अस्सल माती चाखा. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच साली केळीलाही. वांगं नामांकित झालं, केळ नामांकित झालं. तोडणारा हात मात्र अजून रोजावर. जून २०२१ मध्ये रावेरकडच्या तांदलवाडीची २२ टन केळी दुबईला गेली, सरकारनं पत्रक काढून सांगितलं. मी गोदीतला माणूस. कंटेनरला नंबर असतो, मालाला नाव असतं, हे रोज बघतो. घड कापून खांद्यावर वाहणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

मी वरणगावचा. मॅट्रिक झालो नि मुंबईत हमाली धरली. कविता लिहितो, त्यानं पोट भरत नाही ते वेगळं. भरताला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर म्हणाल हा खाण्याचाच वैरी. हिवाळ्यात काड्यांच्या जाळावर वांगं काळं पडेस्तोवर भाजावं, साल काढून हिरवी मिरची नि लसणासंगं लाकडी भांड्यात ठेचावं, पातीचा कांदा नि शेंगदाणे घालावेत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर घ्यावं. त्याच्यापुढं मुंबईची सगळी हाटेलं झक मारतात. प्रश्न चवीचा नाहीच. प्रश्न असा की यजमान कोण?

सरकारनं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. पाव्हणा शेतावर येईल, चुलीवरचं खाईल, मुक्काम करील. झकास. पण त्यासाठी आधी शेत पाहिजे. ज्याच्या नावावर सातबाराच नाही तो यजमान व्हायचा कसा? फार तर त्याच्या बायकोला भाकरी थापायला बसवतील. नऊवारी नेसवतील, कपाळभर कुंकू लावतील. धूर तिच्या डोळ्यात, फोटो पाव्हण्याच्या मोबाइलात. आडनाव तेवढं कुणी विचारायचं नाही, नाहीतर घास अडकायचा. आणि खरं बोलायचं तर पुष्कळ ठिकाणी तेही नाही. वांगी तोडायला ती चालते, चुलीपाशी चालत नाही.

वारसा, वारसा म्हणून जे ओरडतात त्यांना माझं एक विचारणं आहे. वारसा कुणाच्या पोटाचा? माझ्या पणज्याच्या पिढीला येसकराची पाळी होती. दिवसभर गावाची कामं करायची नि संध्याकाळी दारोदार ‘भाकर वाढा माय’ म्हणत हिंडायचं. फडक्यात पडेल ते घरी आणायचं. बाजरीचा तुकडा, ज्वारीचा तुकडा, कोरड्यासाचं बोटभर पाणी, सगळं एकात एक. १९५८ च्या कायद्यानं ते वतन कागदावर गेलं. त्या फडक्यातल्या जेवणाला कुठं मानांकन मिळतं काय? मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणाऱ्या बायांच्या ओंजळीत सुकडी पडली. अमेरिकेचा लाल मिलो आला. आजी सांगायची, मिलोची भाकर थापता थापता फुटायची नि पाण्याच्या घोटाबिगर घशाखाली उतरायची नाही. पन्नास वर्षं होऊन गेली. वारसाच पाहिजे ना? मग वाढा ती थाळीत. मांड्याच्या शेजारी वाढा. पाव्हण्याला म्हणावं, हाही खानदेश, चावून खा.

नि मटणाचं काय? हेरिटेज थाळीवाले तिथं गप होतात. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा. आपल्या माणसांनी सोडलं. ते आपलं ठरवणं होतं, ताठ मानेनं उभं राहण्यासाठी. २०१५ च्या कायद्यानं बैलाचं मांसही बंद केलं, पाच वर्षांपर्यंतची सजा लावली. हे आपलं ठरवणं नाही, दुसऱ्यानं आपल्या ताटात घातलेला हात आहे. दोन्ही गोष्टी एकच म्हणून कुणी समजवायला आला तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

शाहू पाटोळ्यांनी मराठवाड्यातल्या महार-मांगांचं खाणं २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ म्हणून पुस्तकात मांडलं. आपण शहरात बसून चहा ढोसत क्रांती करणाऱ्यांनी एवढं तरी करावं. सुट्टीला गावी गेलो की आजीपाशी वही घेऊन बसावं. काय शिजवत होतीस, कशावर, कुणी दिलेलं? या म्हाताऱ्या चालल्यात. त्या गेल्या की आपल्या चुलीची गोष्टही मांडेवालेच सांगतील, नि तिकीट लावून सांगतील.

ह्या सगळ्या पर्यटनाचा मोठा गिऱ्हाईक अजिंठ्याचा. रेल्वेनं येणारा जळगावला उतरतो, भरीत खातो, गाडी करून लेणी बघायला जातो. १९८३ पासून ती जागतिक वारसा आहेत. तिथली जुनी लेणी इसवीसनापूर्वीची, भिक्षूंची. ते भिक्षू पात्र घेऊन दारोदार जात नि पडेल ते खात, जात न विचारता. आमचा पणजाही दारोदार जात होता. पण भिक्षूला लोक वाकून वाढत नि पणज्याला लांबून, वरून टाकत.

जळगावहून अजिंठ्याचा रस्ता जामनेर तालुक्यातून जातो. त्याच तालुक्यातल्या वाकडी गावात जून २०१८ मध्ये विहिरीत पोहली म्हणून दलित पोरांना नागवं करून मारलं नि त्याचा व्हिडिओ काढला. उन्हाळ्याचे दिवस, पोरं पाण्यात उतरली, एवढाच गुन्हा. हेही स्थानिकच. हीही अस्सल मातीच. ह्या रस्त्यावर गाइड म्हणून आपली पोरं उभी राहिली पाहिजेत. खुशाल गाडी थांबवावी नि म्हणावं, साहेब, भरीत खाऊन झालं असेल तर उतरा खाली, वाकडीला जाऊ, ती विहीर दाखवतो.