बरोबर उत्तर आणि चांगलं उत्तर



दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला होता. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "मावशी, ऑप्टिमायझेशन डोक्यावरून जातं." सूत्रं सगळी पाठ. पण "यात शोधायचं काय असतं?" असं विचारलं तर गप्प. मला वाटतं, ही अडचण कॉलेजात सुरू झालेली नाही. ती आपल्या प्राथमिक वर्गातच सुरू होते.

ऑप्टिमायझेशन म्हणजे दिलेल्या अटी पाळून अनेक पर्यायांतून सर्वांत चांगला पर्याय निवडणे. कोणत्या वीज केंद्रातून किती वीज घेतली तर खर्च कमी येईल, गावं जोडायला कमीत कमी किती तार लागेल, असे हे प्रश्न असतात. यातला तारांचा प्रश्न चेकोस्लोव्हाकियातील मोराव्हिया भागात वीज नेताना पुढे आला होता. 1926 मध्ये गणितज्ञ ओटाकार बोरुव्का यांनी त्याची रीत मांडली. प्रत्येक गाव सर्वांत जवळच्या गावाला जोडायचं. मग तयार झालेले गट तसेच जवळच्या गटाला जोडायचे, सगळे एक होईपर्यंत. बस्स!

हे चौथीच्या मुलांना जमणार नाही का? मी करून पाहिलं. फळ्यावर चार वस्त्या काढल्या आणि अंतरं दिली: गावठाण–मळा 2 किमी, मळा–नदीकाठ 3, गावठाण–नदीकाठ 4, नदीकाठ–टेकडी 5, गावठाण–टेकडी 6, मळा–टेकडी 7. वीज सगळीकडे पोहोचली पाहिजे आणि तार कमीत कमी लागली पाहिजे.

एकाने गावठाणातून तिन्हीकडे सरळ तारा नेल्या. 12 किमी. मी सवयीने लाल पेन उचललं होतं. पण त्याचं चूक कुठे होतं? वीज तर सगळीकडे पोहोचली होती! तेवढ्यात एका मुलीने 2, 3 आणि 5 निवडून 10 किमी काढले. मग 12 वाला स्वतःच म्हणाला, "तिचं माझ्यापेक्षा चांगलं आहे."

आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मधली तार तुटली तर?" म्हणजे टेकडी आणि नदीकाठ अंधारात! गावठाण–नदीकाठ तार जादा टाकली तर ती अडचण जाते, पण तार 14 किमी होते. आपल्याला काय हवं, त्यावर 'चांगलं' काय ते ठरतं. भाच्याला जे सुचलं नाही, ते नऊ वर्षांच्या पोराला सुचलं.

आपण मात्र वर्षानुवर्षं एकच उत्तर तपासतो. मग मूल शोधायचं सोडून सरांना काय हवंय तेच ओळखायला शिकतं.

म्हणून विनंती आहे. आठवड्यातून एक तरी असं गणित द्या, ज्याची अनेक उत्तरं बरोबर असतील. पालकांनो, बाजाराची यादी आणि 200 रुपये मुलांच्या हाती द्या. आणि "बरोबर आहे का?" याच्यापुढे जाऊन विचारा, "याहून चांगलं सापडेल का?"