‘पीडीएफ पाठवून दे’

मॅन्युअल कोणी वाचत नाही, हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि आजही ऐकतो. गंमत म्हणजे ते म्हणणारे बहुतेक जण मॅन्युअल लिहून घेणारे असतात. लोक वाचतात हो. वाचता येणार नाही अशा रूपात तुम्ही ते हातात देता, म्हणून दुसऱ्या पानावर सोडून देतात.

हा लेख तुम्ही बहुधा फोनवर वाचताय. प्रत्येक ओळीसाठी दोन बोटांनी अक्षर मोठं करायचं, उजवीकडे सरकायचं, ओळ संपली की परत डावीकडे यायचं, असं करावं लागलं असतं तर इथवर आला असतात का? ए-फोर कागदासाठी मांडलेली पीडीएफ फोनवर उघडणाऱ्या प्रत्येकाला आपण हेच करायला लावतो. आणि वर म्हणतो, यांना वाचायचा कंटाळा.

मी पूर्वी ज्या कंपनीत होतो ती पाण्याच्या मोटरींचे कंट्रोलर बनवायची. एकाच यंत्राची माहिती चार ठिकाणी होती: खोक्यात जाणारी पुस्तिका, वेबसाइट, अ‍ॅपमधली मदत आणि मराठी पीडीएफ. चारही वेगवेगळ्या माणसांनी कॉपी-पेस्ट करून सांभाळलेल्या. एका अपडेटमध्ये, करंट वाढल्यावर मोटर किती सेकंदांनी बंद व्हावी, तो आकडा १० वरून ५ वर आणला. वेबसाइटवर ५ झाले. पुस्तिकेत १० राहिले. अ‍ॅपमध्ये त्याआधीचाच कुठला तरी आकडा होता, ८. विहिरीवर उभ्या असलेल्या टेक्निशियनने मदतकेंद्राला फोन केला, तर तिथल्या मुलीने चौथी फाइल उघडून परत १० सांगितले. सगळे आकडे अधिकृत, सगळ्यांवर कंपनीचा लोगो. मोटर जळली तर रिवाइंडिंगचे पैसे मात्र शेतकऱ्याच्या खिशातून जातात. यावर ठरलेला उपाय काय, तर ‘रिलीजच्या आधी सगळ्यांनी नीट तपासून घ्या’ अशी मेल. म्हणजे रचनेचा दोष माणसांच्या माथी.

हा प्रश्न काही कालपरवाचा नाही. १९६९ साली आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी कायद्याच्या कागदपत्रांसाठी जीएमएल ही खुणांची भाषा तयार केली (नावात तिघांची आद्याक्षरं बसवली, तेवढी हौस होतीच). कल्पना साधी होती: मजकुरात ‘हे शीर्षक आहे’ एवढंच लिहा; ते ठळक दिसावं की मोठं, हे छापताना ठरेल. आज पन्नासहून अधिक वर्षं झाली, आणि आपण अजून वर्डमध्ये ओळ निवडून तिला लाल रंग देतोय.

त्या लाल रंगाचंच बघा. ‘झाकण उघडण्याआधी वीज बंद करा’ ही ओळ कोणीतरी लाल आणि ठळक केली. पुस्तिका काळ्या शाईत छापली, लाल गेलं. अ‍ॅपमध्ये फक्त साधा मजकूर जातो, ठळकपणाही गेला. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तर ती ओळ कधी वेगळी वाटलीच नाही. तीच ओळ ‘धोक्याची सूचना’ अशी खूण करून लिहिली, तर छापताना तिच्याभोवती चौकट येईल, वेबवर रंग येईल, ऐकणाऱ्याला आधी ‘सूचना’ असा शब्द ऐकू येईल. स्फिंक्स नावाचं फुकट साधन २००८पासून हे करतंय. ते मुळात पायथॉनच्या दस्तऐवजांसाठी बनलं. एकाच मजकुरातून वेबपानं, ई-पुस्तक आणि लाटेकच्या वाटेने पीडीएफ काढून देतं.

पण साधन आणलं म्हणजे झालं असं नाही, लिहायची सवय बदलावी लागते. ‘पान १२वरची आकृती पाहा’ असं लिहिलंत की तुम्ही कागदाला बांधले गेलात, कारण वेबवर पान १२ नसतं. ‘इथे क्लिक करा’ लिहिलंत तर छापील पुस्तिका वाचणारा बोटाने कागद दाबून बघेल. आकृतीला नाव द्या, नावाने उल्लेख करा, पानाचा आकडा की लिंक ते साधन ठरवेल. तो ५ सेकंदांचा आकडा एकाच ठिकाणी लिहा आणि बाकी सगळीकडे त्याचं नाव वापरा. नऊ रकान्यांचा तक्ता करू नका. फोनवर तो कोणत्याही साधनाने वाचनीय होत नाही, तो मुळातच मोडावा लागतो.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. यांना सात जणांच्या टीमसाठी डिटा हवं असतं. डिटा वाईट नाही. आयबीएममधूनच आलेलं, २००५पासून ओएसिसचं मानक आहे, आणि विमानाएवढ्या अवजड गोष्टीचे दस्तऐवज सांभाळायचे तर ते लागेलही. पण आपल्याकडे ते आणतात आणि मग प्रत्येक परिच्छेदात अटी घालत बसतात: हे वाक्य फक्त वेबसाठी, हा शब्द फक्त छापील प्रतीसाठी, हे अमुक मॉडेलला सोडून. सहा महिन्यांनी तो मजकूर लिहिणाऱ्यालाच वाचता येत नाही. इतक्या अटी लागत असतील तर तुमच्याकडे एक दस्तऐवज नाही, दोन आहेत, हे मान्य करा. अ‍ॅपमध्ये मदत शोधणारा माणूस अडलेला असतो, त्याला तीन ओळी हव्यात. पुस्तकातलं प्रकरण त्याच्या तोंडावर फेकू नका. तुकडे लहान ठेवा, कामागणिक एक. पुस्तकात ते ओळीने लावा, अ‍ॅपमध्ये एकेकटे दाखवा. वेगळी ठेवायची ती जुळणी. मजकूर एकच.

मराठीचं दुखणं आणखी वेगळं आहे. आमची मराठी पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टात होती. दिसायला झकास, पण कॉपी केली की रोमन अक्षरांचा कचरा. ती वेबवर आणणं म्हणजे पुन्हा टाइप करणं. युनिकोडमध्ये लिहूनही पीडीएफमध्ये ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं बऱ्याचदा विस्कटतात. ‘विद्युत’ शोधा, डोळ्यांसमोर शब्द असूनही सापडत नाही. म्हणून मूळ मजकूर पीडीएफमध्ये कधीच राहू नये. तो युनिकोडमध्ये साध्या फाइलीत असावा आणि पीडीएफ त्यातून निघावी. स्फिंक्सला देवनागरीसाठी झीलाटेक वापरायला सांगावं लागतं, सेटिंगमधली एक ओळ आहे, आणि देवनागरी फॉन्टचं नाव द्यावं लागतं. एवढं न करता ‘मराठीला सपोर्ट नाही’ म्हणून हात झटकणारे मी पाहिलेत.

‘वेळ कुठाय?’ हा शेवटचा प्रश्न, आणि तो नेहमी मॅनेजरच विचारतात. त्या कंपनीत चार प्रती जुळवायला दर रिलीजला दोन माणसांचे तीन दिवस जायचे, आणि वर्षाला सहा रिलीज. सगळा मजकूर एका जागी आणायला एका माणसाचे पाच आठवडे लागतील, असा अंदाज मी लिहून दिला होता. उत्तर आलं की सध्या बजेट नाही, तोवर नव्या रिलीजची पीडीएफ पाठवून दे.