टाकी भरली आणि गाडी रुसली

दिवाळीच्या सुटीत गावी जायचे म्हणून पंपावर टाकी भरावी, पैसे चुकते करून किल्ली फिरवावी, आणि इंजिनाने नुसते खोकून गप्प बसावे! मागचे हॉर्न वाजू लागतात. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला गाडी थरथरत सुरू होते आणि पुढे गावापर्यंत तिची काही तक्रार नसते. मग घरोघरी निदाने सुरू होतात. पेट्रोलात पाणी होते, असे आजोबा म्हणतात. बॅटरी उतरली, असे चिरंजीव म्हणतात. या साऱ्या गलक्यात गृहिणी एकच साधा प्रश्न विचारते, “पण ही पंपावरच का रुसते? एरवी का नाही?”

वाचकहो, या प्रश्नात अर्धे निदान आले. गाडी केव्हा बिघडते हे ज्याने नीट पाहिले, त्याचे गॅरेजचे बिल निम्मे झालेच म्हणून समजा.

पेट्रोल हा मोठा पळपुटा द्रव. टाकीत जेवढी रिकामी जागा असेल तेवढी त्याच्या वाफेने भरून जाते. ऊन तापले की वाफ आणखी वाढते. पूर्वीच्या मोटारी ती खुशाल हवेत सोडून देत. पुढे लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे धुरके साचू लागले. तिथल्या कॅलटेक संस्थेत हागेन-स्मिट नावाचे रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या स्वादाचा अभ्यास करीत होते. तो बाजूला ठेवून त्यांनी या धुरक्याचा वास घेतला, आणि १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिले की पेट्रोलची वाफ व धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड यांवर ऊन पडले की ओझोन तयार होतो. अखेर १९७० च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून साऱ्या अमेरिकेत ही वाफ गाडीतच अडवणे सक्तीचे झाले. आता आपल्याकडच्या पेट्रोलच्या गाड्यांतही ती सोय असते.

सोय मोठी सुटसुटीत आहे. टाकीतली वाफ एका नळीने कोळशाच्या डब्यात जाते. हा कोळसा पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो त्याच जातीचा. वाफ तो अंगाशी धरून ठेवतो. इंजिन गरम होऊन गाडी चालू लागली की ‘पर्ज व्हॉल्व्ह’ नावाची विजेवर चालणारी छोटी झडप उघडते, आणि इंजिन ती साठवलेली वाफ ओढून घेऊन जाळते. वाया काही जात नाही. एरवी मात्र ही झडप बंद असली पाहिजे.

तीच उघडी अडकून राहिली, की पंपावरचा तमाशा घडतो. पेट्रोल आत पडताना टाकीतली सगळी वाफ डब्याकडे रेटली जाते आणि किल्ली फिरवताच ती उघड्या झडपेतून इंजिनात घुसते. वाफ फार, हवा कमी, इंजिन गुदमरते.

याची परीक्षा सोपी आहे. गाडी पूर्ण थंड असताना इंजिन सुरू करून, डब्याकडून झडपेला येणारी नळी काढावी आणि झडपेच्या उघड्या तोंडावर बोट ठेवावे. थंड इंजिनावर तिथे ओढ लागता कामा नये. बोट ओढले गेले तर झडप बदलावी. तेवढ्यासाठी कोणी सगळे इंजेक्टर बदलायला सांगू लागला, तर नम्रपणे दुसरे गॅरेज शोधावे.

या कुळातले दुसरे रोगही लक्षणांवरून ओळखता येतात. भरताना पंपाची नळी पुन्हापुन्हा खटकन बंद पडत असेल, तर वाफेची वाट तुंबली आहे. गाडीजवळ सतत पेट्रोलचा वास येत असेल, तर टाकीच्या झाकणाचे रबर किंवा एखादी नळी चिरली आहे. डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर यंत्र लावून कोड वाचून घ्यावा. पण कोड रोगाची गल्ली सांगतो, घर नंबर नव्हे. अमेरिकेतल्या नव्या गाड्या अर्ध्या मिलिमीटरचे भोकही हुडकतात. तिकडे राहणारी आपली मुले हा दिवा लागला की आधी झाकण घट्ट करतात ती त्यामुळेच. दिवा मात्र लगेच विझत नाही. काही फेऱ्या झाल्यावर विझतो.

वासाकडे एरवीही दुर्लक्ष नको, आणि दिवाळीत तर मुळीच नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते. इमारतीखाली वास मारणारी गाडी उभी आणि चार हातांवर पणत्यांची रांग किंवा मुलांची भुईचक्रे, हा योग टाळलाच पाहिजे. शिवाय या वाफेत बेंझिन असते, आणि ते कर्करोगाला कारण होते हे सिद्ध झालेले आहे.

आता मूळ दोषाकडे वळू. डबा आणि झडप अकाली निकामी होण्याचे एक मोठे कारण आपल्याच तोंडी असते : “राउंड फिगर करा!” पंपाच्या नळीच्या टोकाला बारीक छिद्र असते. पेट्रोल तिथवर चढले की छिद्र बुजते आणि नळी आपोआप बंद होते. वर उरलेली जागा वाफेसाठी मुद्दाम ठेवलेली असते. पण काट्यावर नऊशे सत्त्याऐंशी रुपये दिसले की आपल्याला चैन पडत नाही. हजार झालेच पाहिजेत. मग ते तेरा रुपयांचे पेट्रोल टाकीच्या गळ्याशी बसते, आणि असे वारंवार झाले की एखाद्या दिवशी वाफेच्या वाटेने थेट कोळशावर जाते. भिजलेला कोळसा वाफ धरीत नाही, आणि त्याचा चुरा झडपेत जाऊन तिला अडकवतो.

तेव्हा यंदा फराळाच्या ताटाला ‘आणखी थोडे’चा आग्रह जरूर करावा. टाकीने मात्र एकदा ‘पुरे’ म्हटले, की हात आवरावा. उरलेले तेरा रुपये लाडक्या नातवाच्या फुलबाज्यांना द्यावेत. त्या मात्र गाडीपासून दूर लावाव्यात!